अर्धी शाळा, पूर्ण नाव: वाचकांचे प्रश्न

जून तोंडावर आला की एकाच अर्थाची पत्रं येऊ लागतात: मुलाला अर्धाच दिवस शाळेत पाठवलं तर चालेल का? कुणाच्या मुलीचा सराव असतो, कुणाचं मूल सारखं आजारी पडतं, कुणी घरीच शिकवतं, कुणाला पोटासाठी स्थलांतर करावं लागतं. या वेळचे प्रश्न महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांपुरते घेतले आहेत. परदेशाचा एक प्रश्नही आहे, कारण तो मुद्द्याला धरून आहे.

प्रश्न : मुलगी सातवीत, महापालिकेच्या शाळेत आहे. जलतरणाचा सराव दुपारी ३ वाजता सुरू होतो. मधल्या सुट्टीनंतर तिला रोज घरी नेण्याची परवानगी मागितली, तर मुख्याध्यापक म्हणाले, ‘अर्धवेळ प्रवेश असा प्रकारच नाही.’ हे खरं आहे का?

खरं आहे. आपल्याकडे नाव पटावर असतं किंवा नसतं, अर्धं नाव नोंदवायची सोय नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) अर्धवेळ प्रवेशाचा उल्लेख नाही आणि यूडायसच्या, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या, पोर्टलवर तसा रकानाही नाही.

मात्र मुख्याध्यापकांच्या हातात काहीच नाही, असंही समजू नका. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. हे बंधन शाळेवर आहे: शाळा तेवढी भरली पाहिजे. एखादी मुलगी शेवटचे दोन तास बसली नाही म्हणून शाळेनं कायदा मोडला, असं होत नाही. सहावी ते आठवीचा हिशेब केला तर दिवसाला सरासरी साडेचार तास अध्यापन होतं. तुम्ही मागताय तशी रोज मधल्या सुट्टीनंतरची मोकळीक दिली, तर त्यातला जवळजवळ निम्मा भाग जातो. एवढी मोठी सवलत कुणी सहीनिशी देणार नाही आणि देऊही नये. शेवटच्या एक-दोन तासिका मागितल्यात तर बोलणं पुढे सरकेल.

अर्ज तोंडी करू नका. अर्जात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: आठवड्यातले कोणते वार, कोणत्या तासिका, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि मुलीला शाळेतून कोण घेऊन जाणार. सोबत प्रशिक्षकाचं किंवा संघटनेचं सरावाच्या वेळा लिहिलेलं पत्र आणि आधीच्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती जोडा. मुदत वर्षभराची मागण्यापेक्षा एका सत्राची मागा. ती वाढवून घेणं सोपं जातं.

आता हे बिघडतं कुठे ते सांगतो. अनेक शाळांत हजेरी दिवसातून दोनदा घेतात. मुलगी दुपारी गेली की कॅटलॉगवर दुसऱ्या सत्राची गैरहजेरी पडत जाते आणि सत्र संपताना वर्गशिक्षिकेला ‘निम्मे दिवस गैरहजर’ असं दिसतं. म्हणून अर्जावर मुख्याध्यापकांची सही झाली की त्याची प्रत वर्गशिक्षिकेकडे द्या. दुसरी अडचण वेळापत्रकाची. बऱ्याच शाळांत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण दिवसाच्या शेवटी असतं. तेच तास बुडले तर ‘हे काही महत्त्वाचे नाहीत’ असं पालकांना वाटतं, पण प्रगतिपुस्तकात त्यांचीही श्रेणी असते आणि आकारिक मूल्यमापन वर्षभर चालू असतं. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांचे गुण एका दिवसात भरून निघत नाहीत. कोणत्या वस्तू आणि वह्या कधी जमा करायच्या, ते सत्राच्या सुरुवातीलाच लिहून घ्या.

दोन सत्रांत भरणारी शाळा जवळ असेल, तर सकाळच्या सत्रात बदली मागणं हा सगळ्यांत सरळ उपाय. तिथे ना सवलत लागते ना मिनतवारी. आठवीत गेल्यावर एक लक्षात ठेवा: राज्यानं पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून पुन्हा सुरू केली आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. स्पर्धेच्या तारखा त्या आठवड्यात येतात का, हे आधी पाहा. पुढे दहावीला नियमित विद्यार्थिनी म्हणून बसायचं तर ७५ टक्के हजेरीची अट आहेच.

सरावासाठी शाळाच सोडायचा विचार काही पालक करतात. तसं करण्याआधी शालेय क्रीडा स्पर्धांचा प्रवेशअर्ज एकदा डोळ्यांखालून घाला. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. दाखला काढून घेतला की १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांची ती वाट बंद होते, आणि ज्या खेळासाठी शाळा सोडली त्याच खेळात अडचण होते.

प्रश्न : आम्ही मुलाला (वय १०) घरीच शिकवतो. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत त्यानं फक्त विज्ञानाच्या तासाला आणि खेळायला जावं, असं वाटतं. शिक्षक तयार आहेत, मुख्याध्यापिका नाही म्हणतात.

मुख्याध्यापिकांची बाजू समजून घ्या. पटावर नसलेलं मूल शाळेच्या वेळेत वर्गात बसलं आणि प्रयोग करताना भाजलं किंवा मैदानावर पडलं, तर जबाबदारी कुणाची? विद्यार्थ्यांसाठी राज्याची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, पण ती पटावरच्या मुलांसाठी. शिवाय तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं डोकी मोजली आणि हजेरीशी जुळली नाहीत, तर खुलासा मुख्याध्यापिकांनाच द्यावा लागतो.

घरी शिकवण्याला आपल्याकडे बंदी करणारा कायदा नाही आणि मान्यता देणाराही नाही. कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण ते पाळलं नाही म्हणून पालकाला शिक्षा करण्याची तरतूद कायद्यात नाही. या धूसर पट्ट्यात तुम्ही आहात. घरी शिकवा, पण ‘अर्धं इथं, अर्धं तिथं’ असा हक्क सांगता येणार नाही.

शाळेच्या वेळेबाहेर मात्र वाट निघू शकते. शाळा व्यवस्थापन समितीत कलम २१ प्रमाणे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. गावातल्या सगळ्याच मुलांसाठी शनिवारी दुपारी प्रयोगशाळा किंवा वाचनालय उघडं ठेवायचा ठराव समितीनं केला, तर तुमचा मुलगाही त्यात येतो आणि कुणा एकाला सवलत दिल्याचा बोभाटा होत नाही. ठरावात देखरेख करणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा. मैदान बहुतेक गावांत संध्याकाळी मोकळंच असतं, त्यासाठी कागद नाचवायची गरज नाही.

पुढे कधी पूर्ण प्रवेश घ्यावासा वाटला तर घाबरू नका. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं आणि मागे पडलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळतं. वर्षाच्या मध्यावर गेलात तरी नकार देता येत नाही. जन्मदाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १४). पूर्वी एखाद्या शाळेत नाव असेल, तर त्याचा ‘पेन’ क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याला यूडायसवर मिळालेला कायमचा क्रमांक, जपून ठेवा. नाव कमी झालेली मुलं पोर्टलवर ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जातात आणि नवी शाळा त्यांना तिथून ओढून घेते. क्रमांक माहीत नसला की गुरुजी नवीनच नोंद करतात. एका मुलाच्या दोन नोंदी झाल्या की नाव, आधार, जन्मतारीख जुळवण्यात पुढची दोन वर्षं जातात.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात घरी शिकते आणि रोज दोन तास सरकारी शाळेत संगीत व विज्ञानाला जाते. शाळा आनंदानं घेते. तिथे जमतं ते इथे का जमत नाही?

आनंदानं घेते, कारण पैसे येतात. वॉशिंग्टनमध्ये घरी शिकवणारे पालक दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत शिक्षण जिल्ह्याकडे तसं लेखी कळवतात. अशा मुलानं सरकारी शाळेत अर्धवेळ नाव घातलं, तर ते जितका वेळ शाळेत बसतं त्या प्रमाणात राज्याचं अनुदान त्या जिल्ह्याला मिळतं. रोज दोन तास बसणारी नात शाळेच्या हिशेबात पूर्ण विद्यार्थ्याचा एक अपूर्णांक म्हणून मोजली जाते.

सगळ्या अमेरिकेत असंच आहे, हा समज मात्र चुकीचा. आयडाहोत अशा दुहेरी नोंदणीचा कायदाच आहे. इलिनॉयमध्ये जागा शिल्लक असेल तर घेतात. मिशिगनमध्ये संगीत, चित्रकला यांसारखे ऐच्छिक विषय मिळतात, गणित-इंग्रजीसारखे मुख्य विषय मिळत नाहीत. पेनसिल्वेनियात २०२३-२४ पासून शाळेच्या दिवसाच्या एक-चतुर्थांश वेळेपर्यंत मुभा आहे. ओक्लाहोमातल्या एका शिक्षण जिल्ह्यानं ‘ज्या मुलाचं अनुदान मिळत नाही त्याला अर्धवेळ घेणार नाही’ असं धोरण ठेवलं होतं. पालक न्यायालयात गेले, आणि १९९८ मध्ये संघीय अपील न्यायालयानं निकाल शाळेच्या बाजूनं दिला: आपल्याला हवे तेवढेच तास निवडण्याचा घटनादत्त हक्क पालकाला नाही. म्हणजे तिथेही गाडं शेवटी अनुदानाशीच येऊन थांबतं.

आता आपल्याकडे पाहा. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३ शिक्षक असं कोष्टक आहे. राज्याचे निकष मधल्या काळात बदलत आले, पण तत्त्व तेच राहिलं: एका नावानं एक पद येतं किंवा जातं. त्या नावाचं आधार जुळलेलं हवं. त्याच नावावर मोफत पुस्तकं येतात आणि हजर मुलामागे पोषण आहाराचं धान्य येतं, प्राथमिकला रोज १०० ग्रॅम, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम. रोज दोन तास येणाऱ्या मुलाला या हिशेबात कुठे बसवायचं? पूर्ण मोजलं तर शेजारची शाळा ‘बोगस पट’ म्हणून ओरडेल, मोजलंच नाही तर शिक्षकानं त्याला फुकट शिकवायचं. अपूर्णांकाचा रकाना उघडल्याशिवाय हा पेच सुटणार नाही.

ही कल्पना आपल्याला नवी आहे असंही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. कोठारी आयोगानं (१९६४-६६) पूर्ण वेळ येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षणाची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. पुढे अनौपचारिक शिक्षणाची केंद्रं निघाली, संध्याकाळी दोन तास. ती मागे पडली, कारण गरिबाच्या मुलाला कंदिलाखाली दोन तास आणि बाकीच्यांना पूर्ण शाळा, अशी सरळ दोन ताटं मांडली गेली. हक्क कायद्यानं पूर्ण वेळेचा आग्रह धरला त्यामागे हा अनुभव आहे.

आमचं मत विचाराल तर नववीच्या पुढे, विषयवार आणि अनुदानाच्या वाट्यासकट अर्धवेळ नोंदणी द्यायला हरकत नसावी. आठवीपर्यंत नको. तिथे अर्धा दिवस मोकळा केला की तो पोहण्याच्या तलावावर जाईल तो मोजक्यांचा. बाकीच्यांचा भांडी घासण्यात, धाकट्या भावंडाला सांभाळण्यात आणि शेतात जाईल. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनं घरच्या धंद्यात मदतीची मुभा दिली आहे, ती ‘शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत’. शाळेची वेळच निम्मी केलीत तर या अटीला अर्थ उरत नाही.

प्रश्न : मुलाला सिकलसेल आहे. महिन्यातून चार-सहा दिवस शाळा बुडते. शाळा म्हणते, घरीच ठेवा, नाव आम्ही पटावर ठेवतो.

हा प्रेमळ नकार आहे, तो स्वीकारू नका. घरी राहून शिकण्याचा हक्क (कलम ३, २०१२ ची दुरुस्ती) बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे. तो त्या मुलानं निवडायचा असतो, शाळेनं लादायचा नसतो. तिथेही नाव पटावर राहतं आणि विशेष शिक्षक ठरावीक दिवशी घरी येतात.

सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तिन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या, ते ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. हा प्रस्ताव नववीच्या अखेरीसच तयार ठेवा, परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते.

शाळेकडून खरं हवं ते साधं आहे, आणि ते लेखी मागा. पाण्याची बाटली बाकावर ठेवायची परवानगी, लघवीला जायला नाही म्हणायचं नाही, उन्हातल्या परिपाठाला आणि थंडीतल्या सकाळच्या कवायतीला सूट. पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. ही तीन पथ्यं पाळली तर बुडणारे काही दिवस वाचतात. प्रत्येक गैरहजेरीनंतर डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि शाळेचा पोच घेऊन प्रत घरी ठेवा.

प्रश्न : वय १७. नववीत शाळा सुटली, दिवसा गॅरेजमध्ये कामाला आहे. दहावी करायची आहे. रात्रशाळा, १७ नंबरचा फॉर्म की ओपन स्कूल?

आधी कशाची गरज आहे ते ठरव: शिकवणारा माणूस हवा की फक्त परीक्षेला बसायची सोय हवी.

शिकवणारा हवा असेल तर रात्रशाळा. साधारण साडेसहा ते साडेनऊ, आणि परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसता येतं. अडचण एवढीच की मुंबई-पुण्याबाहेर रात्रशाळा विरळ आहेत. मालकाशी सहा वाजता सुटण्याचं आधी बोलून घे, नाहीतर दिवाळीपर्यंत हजेरी ढासळते.

अभ्यास स्वतः किंवा क्लासला करणार असशील तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. तो मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फॉर्ममध्ये निवडलेल्या शाळेत मूळ कागद जमा करायचे असतात, आणि तोंडी-प्रात्यक्षिक गुण तिथूनच जातात. सगळ्यांत जास्त मुलं एका ठिकाणी घसरतात: नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं ते समजतात. ती दोन वेगळी कामं आहेत. नावनोंदणीचं प्रमाणपत्र आलं की त्याच शाळेत जाऊन परीक्षेचा अर्ज भरायचाच. दुसरी घसरगुंडी नावाची. दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. फॉर्म दाखल्याप्रमाणे भर आणि आधार नंतर दुरुस्त करून घे, कारण पुढची गुणपत्रिका दाखल्यावरून निघते.

विषय एकेक करून सोडवायचे असतील तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय किमान १४ हवं. नोंदणी ५ वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या ९ संधी. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा. किमान ५ विषय, त्यात एक भाषा हवीच. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के वजन असतं आणि नेमके तेच मुलं विसरतात. मराठी माध्यमही आहे. आधी मान्यताप्राप्त मंडळाची परीक्षा देऊन काही विषयांत पास झाला असशील, तर जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण इकडे आणता येतात.

तू गॅरेजमध्ये आहेस म्हणजे पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा मनात असेल. मग ओपन स्कूलमध्ये सोपे म्हणून कुठलेही पाच विषय घेऊ नकोस, गणित आणि विज्ञान घे. दहावी होईल आणि डिप्लोमाचं दार बंदच राहील, असं होऊ देऊ नकोस.

प्रश्न : मुलीनं अकरावीत नावापुरतं कॉलेज आणि पूर्ण वेळ क्लास केला तर?

याला सगळे ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. प्रत्यक्षात कॉलेज हजेरीच्या खोट्या सह्या पुरवतं. राज्यानं २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी आणली ती याच कारणानं, आणि सीबीएसईतही ७५ टक्क्यांची अट आहे. तपासणीत सापडलं तर कॉलेजची मान्यता जाते आणि मुलीचा परीक्षेचा फॉर्म अडकतो. शिवाय प्रयोगवही कुणीतरी दुसऱ्यानं लिहिलेली असते, ते निराळंच. कॉलेजला जायचंच नसेल तर उघडपणे ओपन स्कूल घ्या आणि ज्या प्रवेशपरीक्षेला बसणार तिचं त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी वाचा.

प्रश्न : आमची शाळा साखर कारखान्याजवळ आहे. नोव्हेंबरमध्ये ऊसतोड कामगारांची मुलं येतात, मार्च-एप्रिलला जातात. त्यांची नावं गावाकडच्या पटावर असतात. आम्ही त्यांना कोणत्या नात्यानं वर्गात बसवायचं? (एक शिक्षिका)

तुमच्याकडे येणारी ही मुलं म्हणजे महाराष्ट्रातली खरीखुरी अर्धवेळ नोंदणी. फक्त ती कुणी त्या नावानं ओळखत नाही. यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. गाव सोडताना मूळ शाळेनं ते मुलाच्या हाती द्यायचं, त्यावर त्याचं नाव, इयत्ता आणि अभ्यास कुठपर्यंत आला ते लिहायचं. तुम्ही त्या आधारे त्याला बसवायचं. दाखला मागायचा नाही आणि मूळ शाळेनं नावही कमी करायचं नाही.

यात खोट कुठे आहे ते तुम्हाला अनुभवानं कळलंच असेल. मुलं येतात नोव्हेंबरमध्ये, आणि पट मोजतात ३० सप्टेंबरला. त्यांची नावं मूळ गावी मोजली गेलेली असतात, शिक्षकही तिथेच मंजूर होतात. तुमच्या वर्गात पंधरा मुलं वाढतात, पण पद वाढत नाही. म्हणून काही शाळा या मुलांना मागच्या रांगेत बसवून सोडून देतात. हा आळस कमी, हिशेबाचा परिणाम जास्त.

तरी एवढं करता येईल. कॅटलॉगच्या मागे तात्पुरत्या मुलांचं वेगळं पान ठेवा: नाव, मूळ गाव, तालुका, मूळ शाळा, आल्याची तारीख, मुकादमाचा मोबाइल. पानाची प्रत पहिल्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांना लेखी द्या आणि त्याच पत्रात पोषण आहाराच्या वाढीव धान्याची मागणी करा. तोंडी सांगितलेली मुलं धान्याच्या हिशेबात येत नाहीत. पत्रक नसलेलं मूल आलं तरी बसवा, नाव आणि गाव कळलं की मूळ शाळेला फोन करून पेन क्रमांक विचारा. पोर्टलवर त्याची नवी नोंद मात्र करू नका, नाहीतर मार्चनंतर मूळ शाळेत ते ‘दुसरीकडे शिकतंय’ असं दिसेल.

मुलं किती दिवस येतील हे फडावर ठरतं. आई-वडील पहाटे तोडीला जातात, आणि धाकटं भावंड कोपीवर एकटं ठेवता येत नाही म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नाही. जवळच्या अंगणवाडीत त्या धाकट्याची सोय लावली तर मोठी येऊ लागते. सगळ्या उपायांत याचा गुण लवकर येतो. टोळी फड बदलते तेव्हा चार दिवसांत मुलं पुढच्या गावी जातात, तेव्हा पत्रकावर अभ्यासाची नोंद दर पंधरवड्याला करत जा. जायच्या दिवशी ती करायला कुणी थांबत नाही.

मूळ गावच्या शिक्षकांनाही एक सांगणं आहे. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव ऑक्टोबरच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला हवा. टोळ्या निघाल्यावर केलेली यादी उपयोगाची नाही, कारण तोवर मुलं ट्रॅक्टरवर चढलेली असतात. उचल (आगाऊ मजुरी) घेतली की कोणतं कुटुंब जाणार ते गावाला दसऱ्याआधीच माहीत असतं. यादी तेव्हाच करा, आणि पत्रकं सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात वाटून टाका.